माझ्या अब्बांची तारीख

मी उर्दू माध्यमाच्या एका शाळेत मराठी आणि उर्दू शिकवते. आमच्या कोकणातल्या मुलांना मराठी बोलायला येते, पण लिहायची म्हटली की हात थांबतो. म्हणून पुस्तकाबाहेरचा एखादा उतारा फळ्यावर लिहायचा, खाली चार प्रश्न द्यायचे आणि पाचवा प्रश्न ‘तुमचे मत लिहा’ असा ठेवायचा, ही माझी जुनी पद्धत. उतारा शक्यतो ताज्या बातमीतला घेते. पुस्तकातला धडा गाइडात सापडतो, बातमी सापडत नाही.

२०२५ च्या २४ जुलैला नववीच्या वर्गासाठी असाच एक उतारा तयार केला. पाऊस एवढा होता की पत्र्यावरच्या आवाजात माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोहोचत नव्हता. उताऱ्यात लिहिलं होतं की पृथ्वी एका वर्षात जेवढं नव्याने निर्माण करते, तेवढं माणसांनी आजच्या तारखेपर्यंत वापरून संपवलं आहे. या दिवसाला ‘अर्थ ओव्हरशूट डे’ म्हणतात. वर्षाचे उरलेले पाच महिने आपण उधारीवर जगणार. पुढे काही देशांच्या तारखा होत्या. सगळं जग त्या त्या देशातल्या माणसासारखं राहायला लागलं, तर पृथ्वीचा वर्षाचा शिधा कधी संपेल? चीनसारखं राहिलं तर २३ मे. जर्मनीसारखं, ३ मे. अमेरिकेसारखं, १३ मार्च. लक्झेंबर्गसारखं, १७ फेब्रुवारी. आणि सगळ्यांत आधी कतार, ६ फेब्रुवारी.

फळ्यावर कतार लिहिलं आणि वर्गात चुळबुळ सुरू झाली. आमच्या वर्गात हे नाव नकाशातलं नाही, घरातलं आहे. कुणाचे अब्बा, कुणाचे मामू, कुणाचा मोठा भाऊ आखातात. मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. एरवी तो तासात तोंड उघडत नाही.

‘मॅडम, माझे अब्बा दोह्यात आहेत. म्हणजे ते जगात सगळ्यांत जास्त खातात का?’

वर्ग हसला. मलाही हसू येणार होतं, पण त्याचा चेहरा बघून आवरलं. तो चेष्टा करत नव्हता. त्याचे अब्बा तिकडे शटरिंगच्या कामाला आहेत. दोन वर्षांनी एकदा येतात. शाळेची फी, आजीची औषधं, बहिणीचं लग्न, सगळं त्या एका पगारावर चालतं. आणि मराठीच्या मॅडमनी फळ्यावर लिहिलं होतं की त्यांच्यासारखे लोक पृथ्वीचा शिधा फेब्रुवारीतच संपवतात.

‘बस, उद्या सांगते,’ असं म्हणून मी वेळ मारून नेली. खरं सांगायचं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उतारा मी लिहिला होता, आकडे मी उतरवले होते, पण ते आकडे कसे काढतात हे मला ठाऊक नव्हतं. बी.एड.ला शिकवलं होतं की ज्या प्रश्नाचं उत्तर स्वतःला येत नाही तो मुलांना देऊ नये. तारखा आयत्या होत्या आणि मी त्या तशाच उचलल्या होत्या.

त्या रात्री मी या हिशेबाच्या मागे लागले. जे समजलं ते माझ्या भाषेत सांगते.

हा विचार कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पुढे आला. विल्यम रीस हे प्राध्यापक आणि मॅथिस वॅकरनागेल हा त्यांचा विद्यार्थी. तोपर्यंत लोक विचारायचे की इतक्या जमिनीवर किती माणसं जगू शकतात. या दोघांनी प्रश्न उलटा केला. इतकी माणसं ज्या पद्धतीने जगत आहेत, त्यासाठी किती जमीन आणि किती समुद्र लागतो? ती जमीन त्यांच्या गावात असो की दुसऱ्या खंडात. या मापाला त्यांनी ‘इकॉलॉजिकल फूटप्रिंट’ म्हटलं. आपण पाऊलठसा म्हणू. २००३ मध्ये ‘ग्लोबल फूटप्रिंट नेटवर्क’ ही संस्था स्थापन झाली आणि देशवार हिशेब मांडू लागली. वर्षातला एक दिवस ठरवून तो जाहीर करायची कल्पना ब्रिटनच्या अँड्र्यू सिम्स यांची.

हिशेबाच्या दोन बाजू आहेत. पहिली, निसर्ग किती देतो. शेती, गवताळ कुरणं, जंगल, मासेमारीचं पाणी आणि घरं-रस्त्यांखाली गेलेली जमीन हे सगळं धरून पृथ्वीची एकूण देण्याची ताकद काढतात. तिला जैवक्षमता म्हणतात. एका ठिकाणची जमीन सुपीक, दुसरीकडची कातळ, म्हणून सगळ्यांना एका मापात आणतात आणि त्या मापाला ‘ग्लोबल हेक्टर’ म्हणतात. पृथ्वीकडे असे साधारण १,२०० कोटी ग्लोबल हेक्टर आहेत आणि आपण माणसं ८०० कोटींच्या वर. म्हणजे माणशी दीड हेक्टर. आपल्याकडे हेक्टर म्हणजे जवळपास शंभर गुंठे. तेव्हा जगात जन्मलेल्या प्रत्येकाच्या वाट्याला साधारण दीडशे गुंठे आले.

दुसरी बाजू, आपण किती घेतो. धान्य, कापूस, मटण, मासे, लाकूड, कागद यांच्यासाठी लागणारी जमीन त्यात येतेच. शिवाय आपण कोळसा, पेट्रोल, गॅस जाळून जो कार्बन हवेत सोडतो, तो शोषून घ्यायला किती जंगल लागेल तेही मोजतात. जगाच्या एकूण पाऊलठशात सगळ्यांत मोठा भाग याच कार्बनचा आहे, साधारण साठ टक्के. म्हणजे मुलाने विचारलं ते ‘खाणं’ ताटातलं कमी आणि मीटरमधलं जास्त.

मग तारीख काढणं सोपं. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागायचं आणि ३६५ ने गुणायचं. २४ जुलै हा वर्षाचा २०५ वा दिवस. ३६५ ला २०५ ने भागलं की १.८ च्या आसपास येतं. म्हणजे सगळी माणसं मिळून पावणेदोन पृथ्व्यांहून थोडं जास्त वापरत आहेत. ६ फेब्रुवारी हा ३७ वा दिवस. ३६५ भागिले ३७, जवळपास दहा. सगळं जग कतारसारखं राहिलं तर दहा पृथ्व्या लागतील.

एकच पृथ्वी असताना पावणेदोन कुठून आणतो, असा प्रश्न कुणालाही पडेल. मलाही पडला. याचं उत्तर मला आमच्या मोहल्ल्यातल्या विहिरीने दिलं. लहानपणी एप्रिल-मे महिन्यात रात्रभर झरे पाझरून जेवढं पाणी जमायचं, तेवढंच पहाटे बायका उपसायच्या. दुपारी विहीर रिकामी दिसली तरी भीती नसायची, कारण रात्री पुन्हा पाझर यायचाच. मग पंप बसले, शेजारी बोअर खोदल्या गेल्या. पाझर तेवढाच राहिला, उपसा वाढला. पहिली काही वर्षं कुणाला काही कळलं नाही, कारण आत जुनं पाणी होतं. आता मार्च संपता संपता बादली तळाला आपटते.

जगाचंही तसंच. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपासून उपसा पाझरापेक्षा जास्त होऊ लागला. तेव्हापासून आपण साठवण संपवत आहोत. जंगल वाढतं त्यापेक्षा जास्त तोडायचं, मासा अंडी घालून वाढायच्या आत जाळ्यात घ्यायचा, आणि झाडं व समुद्र जेवढा कार्बन ओढून घेऊ शकत नाहीत तेवढा हवेत सोडून द्यायचा. माझी नानी बियाण्याच्या भाताच्या मुड्या माळ्यावर वेगळ्या ठेवायची. घरात तांदूळ संपला, उसनवारी करावी लागली, तरी त्या मुडीला हात लावायची नाही. आपण आता मुड्या सोडवत आहोत.

गंमत म्हणजे त्याच २४ जुलैला आमच्या बंदरात होड्या शाकारून ठेवलेल्या होत्या. १ जूनपासून यांत्रिक नौकांना पावसाळी मासेमारीबंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. नववीतला कोळ्याचा मुलगाही जे जाणतो, ते हेच. थांबलं तर पुढच्या वर्षी मिळतं.

इथवर सगळं पटलं. पण त्या मुलाच्या प्रश्नाचं उत्तर अजून सापडलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जुमा होता. जुम्याला माझ्या धाकट्या भावाला सुट्टी असते. तो चौदा वर्षं दोह्यात एसी दुरुस्तीचं काम करतो. नमाज होऊन तो जेवला असेल अशा बेताने फोन लावला आणि सरळ विचारलं, ‘तू किती खर्च करतोस रे? पैसे नाही, वीज, पाणी, तेल?’

तो हसला. ‘आपा, तू कधीपासून मीटर वाचायला लागलीस?’

मग बोलत गेला. त्याच्या खोलीत सहा पलंग आहेत. एक एसी, एक फ्रिज, कॉमन किचन. कामावर न्यायला-आणायला कंपनीची बस. कपड्यांचे चार जोड. ‘पण आपा, एसी बंद ठेवून इथे राहता येत नाही. बाहेर पंचेचाळीस डिग्री असते. आणि नळाला येतं ते समुद्राचं पाणी, गॅस जाळून गोड केलेलं. आम्ही आंघोळ करतो तीसुद्धा गॅसचीच.’

मी विचारलं, ‘मग देशाचा एवढा मोठा आकडा कशाने होतो?’

‘मी ज्या बंगल्यांत जातो ना, तिथले लोक जुलैत युरोपला गेलेले असतात. एसी चालूच. फर्निचर खराब होऊ नये म्हणून. मी जाऊन बघतो, थंड आहे ना, आणि दरवाजा ओढून परत येतो.’

त्या एका वाक्यात मला उत्तराचं टोक सापडलं. कतारमध्ये राहणाऱ्या दहांपैकी जवळपास नऊ जण परदेशी आहेत, आणि त्यांत भारत, नेपाळ, बांगलादेश, पाकिस्तानातले मजूर मोठ्या संख्येने. देशाचा पाऊलठसा काढताना देशात झालेला सगळा वापर एकत्र करतात. बंगल्यातली थंड हवा, मोठ्या गाड्या, मॉल, टोलेजंग इमारतींचं पोलाद आणि सिमेंट, २०२२ च्या विश्वचषकासाठी बांधलेली उघड्या आकाशाखालची वातानुकूलित मैदानं, हे सगळं. मग त्याला तिथे राहणाऱ्या एकूण माणसांनी भागतात. भागताना बंगलेवाला एक आणि सहा पलंगांच्या खोलीतला माझा भाऊही एक. ज्याने इमारतीचं शटरिंग बांधलं त्याच्या नावावर त्या इमारतीचा तेवढाच हिस्सा चढतो, जेवढा तिच्यात राहणाऱ्याच्या नावावर.

याचा अर्थ हिशेब खोटा आहे असं नाही. कतारची जमीन, हवामान आणि पैसा यांनी मिळून जी राहणी घडवली ती खरोखरच पृथ्वीला परवडणारी नाही. आणि माझ्या भावाच्या वाट्याला काहीच येत नाही असंही नाही. सहाव्या हिश्श्याचा एसी आणि गॅसवर गोड केलेलं पाणी त्याच्या नावावर आहेच. हिशेब करणारे एका बाबतीत तर फार काटेकोर आहेत. कतार जो गॅस विकतो, तो जिथे जाळला जातो त्या देशाच्या खात्यात धरतात. तिथला गॅस जहाजाने गुजरातेत दहेजला येतो आणि आपल्या कारखान्यांत जळतो, तो भारताच्या नावावर. म्हणजे कतारचा आकडा मोठा आहे तो गॅस विकतो म्हणून नाही, स्वतः वापरतो म्हणून.

पण सरासरी ही सरासरी असते. मी वर्गासाठी एक उदाहरण तयार केलं. पाच मुलं वडापावच्या गाडीवर गेली. एकाने बारा खाल्ले, चौघांनी दोन-दोन. एकूण वीस. सरासरी माणशी चार. गाडीवाला खरं सांगतो की वीस वडापाव गेले. सरासरीही बरोबर आहे. पण चार वडापाव खाल्लेला मुलगा त्या पाचांत एकही नाही.

हे उदाहरण वहीत लिहून मी समाधानाने झोपायला हवं होतं. पण उताऱ्यातल्या यादीत एक नाव नव्हतं ते मला खटकत राहिलं. भारत.

भारताला तारीखच नाही. ज्या देशाचा माणशी पाऊलठसा दीड हेक्टरपेक्षा कमी, त्याची तारीख निघत नाही, कारण सगळं जग तसं राहिलं तर वर्ष संपेपर्यंत शिधा पुरतो. आपला माणशी पाऊलठसा १.१ च्या आसपास आहे. जगाला दीडशे गुंठे मिळतात, आपण एकशे दहावर भागवतो. वाचून बरं वाटलं. कुणालाही वाटेल.

पण त्याच संस्थेचा दुसरा एक तक्ता आहे. त्यात देशाच्या वापराची तुलना जगाशी नाही, त्याच देशाच्या जमिनीशी केलेली असते. तिथे आपलं चित्र पालटतं. भारतातली शेती, जंगल, कुरण आणि समुद्र मिळून माणशी फक्त ०.४ हेक्टर देतात, म्हणजे चाळीस गुंठे, बरोबर एक एकर. जगाच्या जमिनीचा अडीच टक्क्यांहूनही कमी भाग आपल्याकडे आणि माणसं सहांत एकाहून जास्त. घेतो एकशे दहा गुंठ्यांचं, आपल्याकडे आहेत चाळीस. उरलेलं कुठून येतं? काही बाहेरून. भजी तळायचं पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, गॅस कतारमधून. आणि मोठा भाग हवेत. आपला कार्बन आपली जंगलं शोषून घेऊ शकत नाहीत, तो सगळ्यांच्या आभाळात जातो.

म्हणजे एकाच देशाबद्दल दोन वाक्यं एकाच वेळी खरी आहेत. भारत जगाच्या वाट्यापेक्षा कमी वापरतो. भारत स्वतःच्या वाट्याच्या अडीचपटीहून जास्त वापरतो. पहिलं वाक्य परदेशातल्या परिषदांत ठणकावून सांगायला हवं, कारण हवेतला जुना कार्बन आपण भरलेला नाही. दुसरं वाक्य घरात बसून ऐकायला हवं.

शनिवारी दुपारी मी आणखी एक उद्योग केला. आपण स्वतः किती वापरतो हे मोजायची सोय इंटरनेटवर आहे. प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेवटी तुमची स्वतःची तारीख मिळते. घर किती मोठं, किती माणसं राहतात, गाडी कोणती, मांस-मासे आठवड्यातून किती वेळा, विमानाने वर्षात किती तास.

आमचं घर भावाच्या पैशांतून बांधलेलं आहे. दुमजली. खाली मी, माझे शौहर आणि दोन मुलं. वरचा मजला भावाचा, तो दीड-दोन वर्षांतून महिनाभरासाठी उघडतो. तिथला फ्रिज मात्र बारा महिने चालू. बंद ठेवला की खराब होतो, असं कुणीतरी सांगितलं म्हणून. हे उत्तर भरताना मला दोह्यातला बंगला आठवला आणि माझं बोट तिथेच थांबलं. आम्हीही दरवाजा ओढून खाली येतो.

विमानाच्या प्रश्नावर पुन्हा थांबले. त्या वर्षी आम्ही उमराहला गेलो होतो. मुंबई ते जिद्दा आणि परत. मनात आलं, हा आकडा कसा टाकायचा, हा प्रवास काही हौसेचा नव्हता. मग स्वतःलाच समजावलं. इबादतीचा हिशेब अल्लाहकडे आहे, विमानाच्या इंधनाचा हिशेब हवेत आहे. हवा नीयत बघत नाही. आकडा टाकला.

माझी तारीख आली १९ ऑक्टोबर. सव्वा पृथ्वी.

बराच वेळ मी त्या तारखेकडे बघत बसले. मी कोकणातल्या एका गावात राहणारी शिक्षिका. माझ्या देशाला तारीख नाही, मला आहे. मग देशाची सरासरी एवढी खाली कशी? ती खाली आहे कारण आमच्या गावाबाहेर कातकऱ्यांची वाडी आहे. तिथे फ्रिज नाही, गाडी नाही, विमान तर दिसतं ते वरून जाताना. त्यांचा वापर इतका कमी की माझा जास्तीचा वापर त्यात जिरून जातो आणि आम्हा दोघांची सरासरी काढली की भारत शहाणा दिसतो. माझा संयम आणि त्यांचा नाइलाज एकाच आकड्यात मोजला जातो. संयम तर माझ्याकडे नव्हताच.

म्हणजे जी सरासरी दोह्यातल्या शटरिंग करणाऱ्याला गुन्हेगार ठरवते, तीच इथे मला लपवते. तो तिथे श्रीमंतांच्या रांगेत उभा केला जातो, मी इथे गरिबांच्या आड उभी राहते. गणित एकच आहे. फक्त आपण कुणाबरोबर मोजले जातो त्यावर आपली अब्रू ठरते.

मग ही मोजणी टाकून द्यायची का? तसं मला वाटत नाही. तिच्यावर अभ्यासकांनीही आक्षेप घेतले आहेत. २०१३ मध्ये ‘प्लॉस बायॉलॉजी’ या नियतकालिकात काही संशोधकांनी दाखवून दिलं की जगाची जी तूट दिसते ती जवळपास सगळी कार्बनमुळे आहे. शेतजमिनीत जेवढं पिकलं तेवढीच क्षमता धरली जाते, त्यामुळे माती झिजत चालली असली तरी हिशेबात तूट दिसत नाही. आमच्या भागातल्या गोष्टी त्यात बसतच नाहीत. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये काही वाड्यांना टँकर लागतो, कारण जांभा दगड पाणी धरून ठेवत नाही. भूजल किती उपसलं हे या पाऊलठशात मोजत नाहीत. चिरेखाणींतून जांभा निघाला की तो पुन्हा उगवत नाही, आणि त्याचीही तिथे नोंद नाही. तारखाही दर वर्षी नव्या आकडेवारीने दुरुस्त होतात. २०२४ मध्ये १ ऑगस्ट जाहीर झाली होती आणि पुढच्या वर्षी २४ जुलै, यातला बराचसा फरक आकडेवारी सुधारल्याने पडला. म्हणून जुन्या वर्तमानपत्रातली तारीख आणि नवी तारीख शेजारी ठेवून भांडू नये.

तरीही हे माप नसतं तर मी १९ ऑक्टोबरपर्यंत पोहोचले नसते. त्याची किंमत मला तेवढ्यासाठी वाटते. नानीला ग्लोबल हेक्टर ठाऊक नव्हता. पण वजूला ती एक छोटा लोटा घ्यायची आणि त्यातलंही पाणी उरवायची. पाऊस धो धो पडत असतानाही तेवढंच. आम्ही हसायचो. ती सांगायची की वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी पाणी उधळू नका अशी शिकवण आहे. इसराफ हा शब्द मी आधी तिच्याकडून शिकले आणि मग शाळेत मुलांना शिकवला. त्या शब्दात गरिबी-श्रीमंतीचा प्रश्नच नाही. जवळ भरपूर असताना गरजेपुरतंच घ्यायचं, एवढंच आहे. सरासरीमागे लपायला तिथे जागा नाही, कारण तिथे लोटा ज्याचा त्याने धरलेला असतो.

सोमवारी वर्गात गेले. आधी वडापावचं उदाहरण फळ्यावर सोडवलं. मग कतार, मग भारत, मग गुंठे. शेवटी माझी तारीख लिहिली. मुलांना मजा वाटली. ‘मॅडम, तुमची तारीख आली!’ असं मागून कुणीतरी ओरडलं. मी म्हटलं, आली. वरच्या मजल्यावरच्या फ्रिजचंही सांगून टाकलं. मुलांसमोर कबूल केलं की मागे हटता येत नाही.

त्या मुलाला उभं केलं नाही. सगळ्यांना पाचवा प्रश्न बदलून दिला: ‘एखाद्या माणसाचा वापर त्याच्या देशाच्या आकड्यावरून ठरवणे योग्य आहे का? तुमचे मत लिहा.’

वह्या तपासताना त्याची वही आली. त्याचं मराठी कच्चं आहे. ऱ्हस्व-दीर्घ सगळं इकडचं तिकडे. त्याने पाचच ओळी लिहिल्या होत्या. अब्बांना फोन करून विचारलं. अब्बांच्या खोलीत आठ माणसं आहेत. एसी एक आहे. म्हणून एसीला आठने भागावं. अब्बांची तारीख मला काढता आली नाही, पण ती सहा फेब्रुवारी नाही.

लाल पेनने शुद्धलेखनाच्या चुका दुरुस्त केल्या, कारण ते माझं काम आहे. गुण पूर्ण दिले.

घरी येऊन वर गेले आणि भावाच्या फ्रिजमध्ये काय आहे ते उघडून पाहिलं. पाण्याच्या दोन बाटल्या आणि मसाल्याची एक पुडी. प्लग काढला, दार थोडं उघडं ठेवून कापड लावलं, बुरशी धरू नये म्हणून. रात्री भावाला सांगितलं. तो म्हणाला, ‘आपा, खराब झाला तर?’

मी म्हटलं, ‘एसी-फ्रिजचा मेकॅनिक आपल्याच घरात आहे ना?’